शनिवारचा डोस

१० फेब्रुवारी २०१६

प्रिय ठमे,

फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. तू कायम प्रयोगशाळेत, आणि तुझ्यामागे कुठलं तरी यंत्र घरघरत असतं. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही तेवढ्यात लिहायला बसलोय.

चिऊचे उपचार सुरू होऊन नऊ आठवडे झाले. रोज सकाळी शेंगदाण्याच्या पिठाची एक पुडी, फळाच्या गरात कालवून. पहिल्या दिवशी पुडीत काही आहे की नाही, हे मला भिंगातून बघावं लागलं होतं. दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, डॉक्टरांसमोर जरा मोठी पुडी घ्यायची, दोन तास बसायचं. काही झालं नाही तर पुढचे दोन आठवडे तीच पुडी घरी. मी गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर पावपावने वाढवतो ना, तसंच. चिऊला मी सांगितलंय की तुझ्या शरीराची आणि दाण्याची ओळख करून देतोय. काल म्हणाली, "नऊ आठवडे झाले, अजून एकमेकांशी बोलत नाहीत का?"

तुझी वहिनी मात्र मनातून तयार नाही. मी पुडी फोडली की ती स्वयंपाकघरातून बाहेर जाते. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला दाणे घातलेलं अर्धं चॉकलेट खाऊन चिऊचा गळा सुजला होता, रुग्णवाहिका बोलवावी लागली होती, ते ती विसरत नाही. जे पोरीच्या जिवावर उठलं तेच रोज आपल्या हाताने भरवायचं, हे तिला पटत नाही. तू येऊन दोन तास समजावलंस म्हणून कबूल झाली. कोणी विचारलं तर अजूनही सांगते, "ठमाताई म्हणाल्या म्हणून."

आता काळजीचं. मागच्या महिन्यात लग्नाला गेलो आणि पुड्या घरीच विसरलो. चार डोस चुकले. दवाखान्याने आम्हाला थेट तीन पायऱ्या खाली आणलं. चिऊ दिवसभर रडली. मे महिन्यात शाळेचं शिबिर आहे आणि ठरलेला टप्पा गाठला तरच बाई तिला नेणार आहेत. मला खरं खरं सांग, डोस चुकला तर किती बिघडतं?

तुझा,
दादा


२३ फेब्रुवारी २०१६

प्रिय दादा,

चिऊला सांग, ते बोलत नाहीत कारण दोघंही हट्टी आहेत, अगदी तिच्या बाबांसारखे.

तू विचारलंस म्हणून सांगते. शरीरात पहारेकरी असतात. चिऊच्या पहारेकऱ्यांनी दाण्याला चोर समजून ठेवलंय. रोज जरा जरा दिसत राहिला की त्यांना सवय होते. चार दिवस दिसला नाही की ते पुन्हा सावध होतात, म्हणून मागे जावं लागतं. तेव्हा डोस चुकवू नकोस. रोज एकाच वेळेला दे आणि नंतर तासभर तिला धावूबिवू देऊ नकोस. गळा सुजला तर टोचायचं ते इंजेक्शन हाताशी ठेव.

आम्ही इथे करतोय ते यापेक्षा सौम्य आहे. दाण्यातल्या प्रथिनाच्या ज्या कोपऱ्यांना पहारेकरी झोंबतात, ते कोपरेच आम्ही बदलून टाकतो. ओळख तर व्हावी, पण मारामारी होऊ नये. सध्या उंदरांवर चाललंय. मुलांपर्यंत पोचायला पाच-सात वर्षं सहज लागतील. चिऊला तितकं थांबवण्यात अर्थ नव्हता, म्हणूनच वहिनींच्या मागे लागले.

उद्या परिषदेला निघायचंय, बॅग अजून उघडीच पडली आहे. घाईत लिहिते आहे, राग मानू नकोस. वहिनींना म्हणावं, शिबिराचे फोटो मला हवेत.

तुझी,
ठमी


२ मे २०१६

दादा,

घरी परत येऊन दोन आठवडे झाले. मी कामावर जाते, नळ्या मोजते, पुन्हा मोजते आणि आकडे जुळत नाहीत.

चिऊ गेल्यावर तुझ्याकडे होते त्या चार दिवसांत तू माझ्याशी एक वाक्यसुद्धा पूर्ण बोलला नाहीस. मी विचारलंही नाही. तुझ्यासमोर बसून विचारायची माझी छाती झाली नाही. वहिनी मला दारातच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी हो म्हटलं." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दादा, त्या चुकीचं बोलल्या नाहीत. मीच सांगितलं होतं.

हॉस्पिटलचा कागद मी वाचला. नेहमीचा डोस, नेहमीची वेळ, अचानक तीव्र प्रतिक्रिया, कारण कळलं नाही. आठ दिवस ज्या पुडीने काही केलं नाही, त्याच पुडीने नवव्या दिवशी असं का केलं? त्या शनिवारी वेगळं काही झालं होतं का? आठवेल तेव्हा, जमेल तेव्हा दोन ओळी लिही. मला स्वतःला सोडवून घ्यायचं नाही. पण कारण नाही असं मला म्हणता येत नाही.

वहिनी काही खातात का? तू दुकान उघडलंस का?

ठमी


२० मे २०१६

ठमे,

वेगळं काही झालं नव्हतं. लिहिण्यासारखं काही नाही.

घरी पत्र पाठवू नकोस. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून हिला त्रास होतो. फोनही नको. तुला वाईट वाटेल, पण सध्या हे असंच राहू दे.

दुकान उघडलंय.

दादा


१४ ऑगस्ट २०२३

प्रिय दादा,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नाही. सात वर्षांत तू दरवर्षी माझ्या वाढदिवसाला एक ओळीचा निरोप पाठवलास, मी तुझ्या वाढदिवसाला पाठवला. त्या दोन ओळींवर आपण बहीणभाऊ राहिलो.

आमचं औषध मुलांपर्यंत पोचलंय. जिभेखाली ठेवायचा एक थेंब. पहिल्या तुकडीत बेचाळीस मुलं आहेत, सहा ते बारा वर्षांची. मी त्यांच्या आयांशी बोलते, वडलांशी बोलते, पण त्यांना समजवायला जात नाही. काय होऊ शकतं ते सगळं सांगते आणि गप्प बसते. माझे वरिष्ठ म्हणतात, तू बोलायला लागलीस की निम्मे लोक घाबरून घरी जातात. मी म्हणते, जाऊ देत.

हे औषध सौम्य आहे, पण बिनधोक नाही. म्हणून घरी द्यायचे नियम लिहायचं काम मी मागून घेतलं. त्यासाठी गेलं वर्षभर मी जुन्या उपचारांत दगावलेल्या आणि वाचलेल्या मुलांची टिपणं वाचते आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रोजचा डोस पचवणारं मूल एखाद्या दिवशी कोसळतं, त्या दिवशी बहुतेक वेळा ते धावलेलं तरी असतं, नाहीतर त्याला ताप तरी असतो. ताप असला की पहारेकरी आधीच काठ्या घेऊन उभे असतात.

त्या फेब्रुवारीत तुला लिहिलेलं पत्र मला तोंडपाठ आहे. धावण्याबद्दल मी लिहिलं होतं. तापाबद्दल लिहिलं नाही. मला तेव्हा माहीत होतं, दादा. अगदी माहीत नव्हतं असं नाही. कुठेतरी वाचलं होतं, पण बॅग भरायची होती आणि डोस चुकवू नकोस एवढं ठासून लिहून मी पाकीट बंद केलं. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

आता विचारते. चिऊला त्या सकाळी ताप होता का? कागदावर नव्हता असं लिहिलंय, तू तसं सांगितल्याची नोंद आहे. असेल तर मला सांग. तिचं नाव कुठेही येणार नाही, तुझंही नाही. एका मुलाच्या टिपणात एक ओळ बदलेल. पण अशाच ओळींवरून मला ठरवायचंय की आईबापांना काय सांगायचं.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझी,
ठमी


३ डिसेंबर २०२३

प्रिय ठमे,

तुझं पत्र साडेतीन महिने दुकानातल्या काचांच्या खणात होतं. आज दुकान बंद ठेवून आत बसलोय. एका दमात लिहितो, पुन्हा वाचणार नाही.

हो. ताप होता.

शनिवारी हिची लायब्ररीतली ड्युटी सकाळची असायची. ही साडेसातला गेली. आठला चिऊ उठली तेव्हा अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, शंभराच्या जरा वर. दवाखान्याच्या पुस्तिकेत असेल काहीतरी, म्हणून मी ती काढलीही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, आजारपणात डॉक्टरांना विचारा. मी फोन लावला. शनिवार, उचलला नाही कुणी. मग मी विचार केला की लग्नातले चार दिवस चुकले तेव्हा तीन पायऱ्या खाली आलो होतो, आणि आता शिबिराला महिना उरलाय. तिला तापाचं औषध पाजलं. नऊला कपाळ गार लागलं. मी पुडी फोडली.

ती उड्यांची दोरी घेऊन अंगणात गेली, मी पाच मिनिटांनी आत बोलावलं. ती आली आणि पोट दुखतं म्हणाली. उलटी झाली. मला वाटलं, तापाचंच आहे. निदान तसं वाटून घेतलं. सोफ्यावर निजवलं. मग खोकायला लागली, सारखी घसा खाजवत होती. इंजेक्शन माझ्या हाताच्या अंतरावर होतं, ठमे. ते टोचलं की हॉस्पिटलात जावं लागतं, गेलं की सगळं लिहून घेतात, मग उपचार बंद आणि ताप असताना डोस दिल्याचं हिला कळणार. हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. चिऊ माझ्याकडे बघत होती. तिला माझं सगळं कळायचं. म्हणाली, "आईला सांगू नको हं बाबा. ती बंद करेल."

मी म्हटलं, नाही सांगत.

वीस मिनिटं. समोरच भिंतीवर घड्याळ होतं म्हणून मला नेमकं माहीत आहे. ओठ सुजलेले दिसले तेव्हा मी टोचलं आणि रुग्णवाहिका बोलावली. त्यांनी गाडीत दुसरं दिलं. ते तिच्याशी बोलत होते, ती मान हलवत होती, मग हलवेनाशी झाली. हॉस्पिटलात त्यांनी मला बाहेर थांबवलं. बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

त्यांनी विचारलं, आजारी होती का, ताप वगैरे? ही तेवढ्यात धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. मी नाही म्हटलं.

त्या एका "नाही"वर मी सात वर्षं काढली. आणि तुला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढेच आहे. ही तुला दोष द्यायला लागली, तेव्हा मी तिला अडवलं नाही. मला बरं वाटलं. ती तुझ्याबद्दल बोलायची तेव्हा माझ्याबद्दल बोलत नसायची. तू दारात उभी होतीस आणि ती तुला तसं म्हणाली, तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं.

तुझ्या पत्रात तापाचं लिहिलं नव्हतंस, ते खरं. पण लिहिलं असतंस तर मी पुडी दिली नसती, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि ती वीस मिनिटं तर तुझ्या पत्रात कुठेच नव्हती.

हे तुझ्या टिपणात घाल. वीस मिनिटंसुद्धा घाल.

दादा


१६ डिसेंबर २०२३

दादा,

पत्र वाचून मी आधी चिऊसाठी रडले. मग तुझा राग आला. तो लपवत नाही, लपवालपवीने आपलं काय झालंय ते दिसतंय. सात वर्षं मी कुठल्याही घरात लहान मुलीला जवळ घेताना तिच्या आईकडे आधी बघत आले की तिला चालेल ना. हे तू एका शब्दाने थांबवू शकला असतास. थांबवलं नाहीस. माफ केलं असं लिहायला बसले होते, पण पेन थांबलं. होईल ते माझ्याकडून, पण आज झालेलं नाही.

तरी तुला काही सांगायचंय. तू लिहिलेलं मी सोमवारच्या बैठकीत वाचून दाखवलं, कुणाचं ते न सांगता. आमच्यात एक बालरोगतज्ज्ञ आहेत, तीस वर्षं हेच काम करतात. ते म्हणाले, ताप आम्ही धरून चालतो, पण हा बाप इंजेक्शनला घाबरला नव्हता, तो आम्हाला घाबरला होता. त्या दिवशी आम्ही दोन नियम बदलले. आता चुकलेल्या डोसासाठी कुणालाही मागे आणत नाही, थेंबाचं प्रमाण तसं बसवता येतं हे आम्हाला आधीच दिसलं होतं, पण कुणी गरज मानली नव्हती. आणि फोन आठवड्याचे सातही दिवस उचलला जातो, उचलणारी व्यक्ती पहिलं वाक्य हेच म्हणते की बरं झालं फोन केलात.

मागच्या गुरुवारी एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलीला ताप होता आणि तिने थेंब दिला नव्हता. बाई रडत होत्या, त्यांना वाटलं सगळं वाया गेलं. मी सांगितलं, काही वाया गेलं नाही, चार दिवसांनी पुन्हा सुरू करा. फोन ठेवल्यावर मी तिच्या टिपणात लिहिलं, ताप होता, थेंब दिला नाही.

बेचाळीसपैकी एकतीस मुलं आता चुकून एखादा दाणा पोटात गेला तर वाचतील, असं आम्हाला वाटतंय. सहा जणांवर काही परिणाम नाही. पाच सोडून गेली. हे मोठं यश आहे असं लोक म्हणतात. असेल.

आता तू वहिनींना सांग. माझी सुटका व्हावी म्हणून नाही. त्या बिचाऱ्या एका खोट्या गोष्टीशी संसार करताहेत.

ठमी


२३ जानेवारी २०२४

ठमाताईंना,

माझं अक्षर बघून तुम्ही दचकाल. हे पत्र मी लायब्ररीत बसून लिहिते आहे, मुलं परीक्षेला गेलीत, इथे सध्या कुणी नाही.

परवा रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी मला सगळं सांगितलं. ताटं तशीच होती. ताप, औषध, पुडी, ती वीस मिनिटं. चिऊ काय म्हणाली तेही. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेवरून सारखा अंगठा फिरवत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, आता तू म्हणशील ते.

मी म्हटलं, "ताप होता हे मला माहीत होतं."

त्यांना वाटलं, मी तुमचं पत्र कुठून तरी वाचलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, कधीपासून माहीत होतं? मी उठले आणि ताटं उचलली. तेव्हापासून दोन दिवस ते दुसरं काही विचारत नाहीत, मीही सांगत नाही. आम्हाला दोघांनाही याची सवय झाली आहे.

ताई, त्यांना सांगण्याआधी तुम्हाला सांगते.

त्या शनिवारी निघताना मी चिऊच्या खोलीत गेले. झोपली होती. पांघरूण सारखं करताना कपाळाला हात लागला. गरम होतं. थर्मामीटर आणावा असं मनात आलं, पण साडेसात होत आले होते आणि चावी माझ्याकडे होती, मी गेल्याशिवाय लायब्ररी उघडत नव्हती. वाटलं, पांघरुणामुळे असेल. वाटलं, हे आहेत की घरी. हे बाहेरच्या खोलीत चष्म्याच्या काचा पुसत होते, मी त्यांच्या समोरून गेले. "तिला जरा बघा" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पुडी मला नकोच होती, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी देऊ नका म्हणायला माझ्याकडे आयतं कारण होतं. मी बोलले नाही. आदल्याच दिवशी पुडीवरून आमचं वाजलं होतं आणि मला पुन्हा तेच नको होतं.

हॉस्पिटलात ह्यांनी डॉक्टरांना ताप नव्हता म्हणून सांगितलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. खोटं बोलताहेत हे मला तिथेच कळलं. मी त्यांना खोटं पाडू शकले असते. पण मग डॉक्टरांनी मला विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत?

म्हणून तुमच्यावर राग धरला. तुम्ही लांब होतात. ह्यांच्यावर धरला असता तर एका घरात राहता आलं नसतं आणि स्वतःवर धरला असता तर जगता आलं नसतं. तुम्ही दारात काहीच बोलला नाहीत, मान खाली घालून माझं ऐकून घेतलंत, त्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. तुम्ही भांडला असतात तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं.

ती आता पंधरा वर्षांची असती. तुमचं ते औषध तिला आज ना उद्या मिळालं असतं, हे मी ह्यांच्याकडून ऐकलं तेव्हा त्या बेचाळीस मुलांबद्दल माझ्या मनात चांगलं आलं नाही. हेही तुम्हाला सांगून टाकते. मग ह्यांनी सांगितलेली ती बाई आठवली, थेंब दिला नाही म्हणून फोनवर रडणारी. तिला माझ्याकडून काही सांगू नका. फक्त पुन्हा कधी तिचा फोन आला तर तिचं सगळं ऐकून घ्या.

लायब्ररी पाच वाजता बंद होते. कोपऱ्यावरच्या पेटीतून पत्रं साडेपाचला नेतात. हे आधी पेटीत टाकणार आहे आणि मग घरी जाऊन ह्यांना कपाळाचं सांगणार आहे. पत्र निघून गेलेलं असलं की मला माघार घेता येणार नाही.

तुमची,
वहिनी